वाडीची दोन मापं

आमच्या श्रीवर्धन-म्हसळ्याकडच्या घरांत निकाहाच्या कॅसेटी जपून ठेवलेल्या असतात. घरातले कर्ते पुरुष कुवेत-दुबईला. सुटी मिळाली नाही की भावानं बहिणीचा निकाह कॅसेटवरच पाहायचा. कॅमेरेवाला टिपायचा तो दावतीला आलेल्यांना. मागे सुपारीची वाडी आपोआप यायची.

३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगड किनाऱ्यावर आदळलं आणि वाड्या आडव्या झाल्या. मी वाडीवर माहितीपट करायला घेतला तेव्हा नव्या एचडी कॅमेऱ्यात आले ते बुंधे आणि उघडं आभाळ. उभी वाडी शिल्लक होती ती फक्त २००३ च्या एका मिनीडीव्ही कॅसेटमध्ये, माझ्या खालाच्या अंगणातल्या निकाहात. दोन्ही एकाच फिल्ममध्ये बसवणं भाग होतं.

जुनं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, नवं १९२० बाय १०८०चं. म्हणजे बरोबर पाचपट. पण खरी अडचण आकाराची. जुनी चौकट ४:३, नवी १६:९. ताणून बसवलं तर नवरीचा चेहरा एक तृतीयांशानं रुंद होतो. (पुष्कळ वाहिन्या हे खुशाल करतात.) कापून बसवलं तर उंचीचा पाव भाग जातो. सुपारीचं झाड सरळसोट उंच, आणि बायका खाली चटईवर बसलेल्या. वरून कापलं तर शेंडे जातात, खालून कापलं तर खाला जाते.

संकलन करणारा मुलगा हुशार. म्हणाला, "चाचा, दोन्ही बाजूंना काळे पट्टे ठेवले तर लोक म्हणतील टीव्ही बिघडला." त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. त्यानं पट्ट्यांच्या जागी त्याच चित्राची धूसर प्रत भरून दाखवली. मला ते पोकळ सुपाऱ्या घालून पोतं फुगवल्यासारखं वाटलं. पट्टे ठेवले, दोन्हीकडे २४०-२४० ठिपके.

जुन्या कॅमेऱ्याची आणखी एक खोड. तो सेकंदाला पन्नास अर्धी चित्रं घेतो, एकदा विषम ओळी, एकदा सम. वाऱ्यानं झाप हलले की कडांना फणीसारखे दात दिसतात. ओळींचा हा घोळ आधी सोडवायचा, मग चित्र मोठं करायचं. उलट केलं तर दात कायमचे.

पोरानं मग चित्र स्पष्ट करणारं नवं सॉफ्टवेअर चालवलं. खालाचा चेहरा लखलखीत झाला. एकेक पापणी दिसू लागली. कॅसेटमध्ये पापण्या नव्हत्याच. यंत्रानं अंदाजानं काढल्या होत्या. खाला २०११ मध्ये अल्लाला प्यारी झाली. तिचा धुरकट चेहरा साक्षीला पुरेसा होता. ती प्रत मी पुसायला लावली.

जुनं-नवं दर पाच सेकंदांनी आलटून-पालटून दाखवलं तर डोळा नुसती तुलनाच करत राहतो. म्हणून कॅसेटचा सलग चार मिनिटांचा तुकडा ठेवला. त्यात बायकांची गाणी, भांड्यांचा आवाज, मागे झापांची सळसळ. ती सळसळ पुढच्या एचडी दृश्यावरही थोडी चालू ठेवली. तिथे हलायला झाप उरलेले नाहीत.

वादळानंतर लावलेल्या रोपांचं चित्रण अजून बाकी आहे. सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात. पोरानं आता फोर-के कॅमेरा आणलाय, म्हणजे एचडीच्या चौपट ठिपके. तिसरं माप आलंच.