फॉर्मला तारीख कुणी सांगावी?

वेबफॉर्मच्या रकान्यात भरलेली माहिती तपासणाऱ्या कोडला आम्ही व्हॅलिडेटर म्हणतो. बँकेचा आयएफएससी कोड घ्या. एकूण 11 चिन्हं: पहिली चार अक्षरं बँकेची, पाचव्या जागी शून्य, उरलेली सहा शाखेची. एवढं तपासायला छोटं फंक्शन पुरतं. पण देना आणि विजया या बँका 1 एप्रिल 2019 रोजी बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या आणि 1 मार्च 2021 पासून त्यांचे जुने कोड बंद झाले. त्या कोडांची रचना आजही नियमात चोख बसते. कोड चालू आहे की नाही, हे चालू यादीला विचारल्याशिवाय कळत नाही.

ती यादी व्हॅलिडेटरने कुठून आणायची? सर्व्हरचा पत्ता आणि विनंती पाठवण्याचा कोड व्हॅलिडेटरच्या पोटातच लिहिलेला मी अनेकदा पाहतो, आणि मला ते मुळीच पटत नाही. जे लागतं ते स्वतः बनवू नये, फक्त मागावं; देण्याचं काम बाहेरच्याचं. यालाच डिपेंडन्सी इंजेक्शन म्हणतात. मार्टिन फाउलर यांच्या जानेवारी 2004 मधल्या लेखामुळे हे नाव रूढ झालं.

अँग्युलर या वेब फ्रेमवर्कमध्ये ही सोय पायातच आहे. तिथे रचनेची तपासणी आधी होते. ती पार पडली तरच यादीला विचारणारा असिंक व्हॅलिडेटर चालतो आणि उत्तर येईपर्यंत रकाना ‘पेंडिंग’ राहतो. खरी कसोटी लागते ती यादी मिळालीच नाही तर. नेटवर्क तुटलं म्हणून ग्राहकाला ‘कोड चुकीचा आहे’ असं सांगणं हा त्याच्यावर अन्याय आहे. यादी देणारी सर्व्हिस बाहेरून येत असेल, तर चाचणीत तिच्या जागी मुद्दाम अपयशी ठरणारी सर्व्हिस द्यायची आणि फॉर्म काय बोलतो ते पाहायचं. सर्व्हरला हातही लावावा लागत नाही.

तारखेचंही तेच. अर्जदाराला 18 वर्षं पूर्ण झाली का, हे ठरवायला ‘आज’ लागतो. 29 फेब्रुवारी 2008 ला जन्मलेल्याला 18 वर्षं पूर्ण होतात त्या 2026 मध्ये ती तारीखच नाही. त्याला 28 फेब्रुवारीला सज्ञान धरायचं की 1 मार्चला, हे संस्थेने ठरवावं. पण ठरलेलं कोडमध्ये नीट उतरलं का, हे तपासायला दोन्ही दिवस व्हॅलिडेटरला देता आले पाहिजेत. त्याने ‘आज’ थेट संगणकाच्या घड्याळातून घेतला, तर ते जमत नाही.

सगळीकडेच हे करू नये. पिनकोडचे सहा अंक मोजायला सर्व्हिस कशाला? साधं फंक्शन उत्तम. आणि ब्राउझरमधली तपासणी सहज टाळता येते, म्हणून सर्व्हरवर ती पुन्हा हवीच. जावाच्या स्प्रिंग फ्रेमवर्कमध्ये तिथल्या व्हॅलिडेटरलाही हव्या त्या सर्व्हिस बाहेरून देता येतात.

हे काम करणाऱ्या तरुण मित्रांना एकच विनंती: आपला एखादा व्हॅलिडेटर उघडा, आणि त्यात घड्याळ किंवा सर्व्हरचा पत्ता दिसला, तर ते आजच बाहेर काढा.