मारानेल्लो : वजन उतरविणाऱ्यांचें गांव

इटलीच्या यात्रेस निघालेले आपले लोक बहुधा रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस एवढीं तीन नगरें पाहून परततात. आम्हीं आणखी एक लहानसें गांव पाहिलें. त्याची हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों. उत्तर इटलींतील मोदेना शहराच्या दक्षिणेस सुमारें १८ किलोमीटरांवर, आपेनाइन पर्वताच्या पायथ्याशीं मारानेल्लो वसलें आहे. तेथें प्राचीन देवालय नाहीं, कीं राजवाडा नाहीं. तरीहि देशोदेशींचे लोक तेथें लोटतात, तें फेरारी मोटारींच्या नांवामुळें. आमच्या वडील बंधूंचा मुलगा मोदेनाच्या विश्वविद्यालयांत यंत्रशास्त्र शिकत आहे. तोच आमचा वाटाड्या.

या कारखान्याचे जनक एंझो फेरारी यांचा जन्म मोदेना येथें १८९८ सालीं झाला. १९२९ सालीं त्यांनीं शर्यतीचें पथक उभारलें, व महायुद्धाच्या धामधुमींत, १९४३ सालीं, कारखाना मारानेल्लोस हलविला. पुढल्याच वर्षीं त्यावर बाँब पडले. तरी खचून न जातां त्यांनीं १९४७ सालीं स्वतःच्या नांवाची पहिली मोटार बाहेर काढली.

संग्रहालयांत आमचें लक्ष वेधलें तें दोन दारांच्या, मध्यभागीं एंजिन असलेल्या मोटारींनीं. एंजिन मध्यभागीं कां, असें आम्हीं विचारतांच पुतण्यानें घरगुती दृष्टांत दिला. डोईवर घागर घेतलेली बाई अंगणांत सहज वळते. खांद्यावर कावड घेतलेल्यास मात्र वळतांना दोन्ही टोकें ओढूं लागतात. मोटारींतील अतिशय जड वस्तु म्हणजे एंजिन. तें नाकाशीं असलें, तर गाडीची गत कावडीसारखी होते. चालकाच्या पाठीमागें व मागल्या चाकांच्या पुढें ठेवलें, तर घागरीसारखी.

एंझो यांना ही रचना प्रथम रुचली नाहीं. जनावर गाडीपुढें जुंपावयाचें असतें, मागें नव्हे, असें ते म्हणत, असें सांगतात. परंतु शर्यतींतील अनुभवानें मत पालटलें. १९६१ सालचें जगज्जेतेपद त्यांच्या मध्य-एंजिनी गाडीनेंच मिळविलें. रस्त्यावरील तशी पहिली मोटार १९६७ सालीं लोकांपुढें आली, ती ‘दीनो’. दीनो हें त्यांच्या मुलाचें नांव. स्नायु झिजविणाऱ्या व्याधीनें तो १९५६ सालीं, अवघ्या २४ व्या वर्षीं वारला. त्या गाडीवर बापानें आपलें आडनांव घातलें नाहीं. एकट्या मुलाचेंच नांव ठेवलें. तें वाचून आमच्या मंडळींचे डोळे पाणावले.

याच घराण्यांत पुढें अशा मोटारी निघाल्या, कीं ज्या रस्त्यावर चालविण्यास परवानगी असूनहि मनानें शर्यतीच्या मार्गावरच्या आहेत. २००३ सालची ‘चॅलेंज स्त्रादाले’ ४२५ अश्वशक्तीची व मूळ गाडीहून ११० किलोपर्यंत हलकी. २००७ सालची ‘स्कुदेरिया’ ५१० अश्वशक्तीची व सुमारें १०० किलोंनीं हलकी. २०१३ सालची ‘स्पेचाले’ ६०५ अश्वशक्तीची, आणि २०१८ सालची ‘पिस्ता’ ७२० अश्वशक्तीची. या दोन्ही प्रत्येकीं ९० किलोंनीं हलक्या. हें वजन उतरतें कसें? कोठें गालिचे काढावयाचे, कोठें आवाज अडविणारें अस्तर कमी करावयाचें, कोठें धातूच्या जागीं कार्बनच्या तंतूंचे पत्रे बसवावयाचे. गंमत अशी, कीं गाडींतून इतकें काढून घेतल्यावर तिची किंमत वाढते! अपरिग्रहाची अशी महाग तऱ्हा आम्हीं दुसरीकडे पाहिली नाहीं.

कारखान्याजवळच फिओरानो येथें १९७२ सालीं बांधलेला सुमारें तीन किलोमीटरांचा खासगी धांव-मार्ग आहे. संग्रहालयाच्या मोटार-बसमधून प्रेक्षकांस हा परिसर दाखवितात. खालीं उतरूं मात्र देत नाहींत. येथें प्रत्येक नव्या गाडीची परीक्षा होते. ‘स्कुदेरिया’नें ही फेरी १ मिनिट २५ सेकंदांत पुरी केली, ‘स्पेचाले’नें १ मिनिट २३॥ सेकंदांत, आणि ‘पिस्ता’नें १ मिनिट २१॥ सेकंदांत. म्हणजे शेंकडों बुद्धिमान माणसांच्या अकरा वर्षांच्या श्रमांनीं साडेतीन सेकंद वांचले.

या साडेतीन सेकंदांवरूनच त्या रात्रीं जेवतांना वाद निघाला. पदवीनंतर याच धंद्यांत शिरावें, असा पुतण्याचा मानस. त्यानें स्वदेशीं येऊन चार लोकांच्या उपयोगीं पडावें, अशी वडील बंधूंची इच्छा. श्रीमंतांच्या खेळण्यासाठीं बुद्धि कां खर्चावी, हें आम्हींहि विचारलें. शिवाय वेगाची किंमत कोण देतो, हा प्रश्न होताच. १९५७ सालीं मिल्ले मिलिया या खुल्या रस्त्यावरील शर्यतींत फेरारीच्या एका गाडीचा टायर फुटला आणि दोघे स्वार व नऊ प्रेक्षक ठार झाले. त्या नऊंत पांच मुलें होतीं. एंझो यांच्यावर खटला चालला. १९६१ सालीं ते निर्दोष सुटले. परंतु ती शर्यत त्या स्वरूपांत पुन्हां झाली नाहीं.

मुलगा क्षणभर गप्प राहिला, मग म्हणाला, “काका, म्हणूनच तर कुंपण घातलेला मार्ग हवा. आणि मला वेग शिकावयाचा नाहीं; नको असलेलें वजन कोणतें, तें ओळखावयास शिकावयाचें आहे. हलकी गाडी थोड्या इंधनांत चालते, लवकर थांबते. ती विद्या आपल्या एस.टी.लाहि लागेल.”

हें उत्तर आम्हांस पटलें. पुरतें नव्हे, पण पुष्कळसें. ज्या तंतूंचे पत्रे तेथें धनिकांसाठीं घडतात, ते घडविण्याचें ज्ञान कांहीं धनिकांचें नव्हे. आम्हीं वडील बंधूंस पत्र लिहिलें, कीं मुलास तीन वर्षें तेथें काम करूं द्यावें. पुढें तो काय घेऊन येतो, तें पाहून निर्णय करावा. त्यांचें उत्तर चारच ओळींचें आलें. त्यांत संमति होती, आणि खालीं वहिनींच्या अक्षरांत एक ओळ अधिक : गाडी बनव, पण स्वतः हळू चालव.