श्रीपूर ते महाबळेश्वर : पाण्याच्या मुळाकडे

साखर कारखान्याचा पट्टा पडला, उसाची बिले शेतकऱ्यांच्या खात्यांवर जमा झाली आणि वर्षाची उधारी बऱ्यापैकी वसूल झाली, की माळशिरस तालुक्यातील व्यापारी घरांत थंड हवेच्या ठिकाणी जाण्याचा विषय निघतो. श्रीपूर, महाळुंग, अकलूज, माळीनगर या पट्ट्यात तोपर्यंत पारा चाळिशी ओलांडू लागलेला असतो. मुलांच्या परीक्षा संपलेल्या असतात. दोन दिवस दुकान मुनिमावर किंवा धाकट्या भावावर सोपवून निघता येईल, असे एकच ठिकाण सर्वांच्या तोंडी येते, ते म्हणजे महाबळेश्वर. दोनशे किलोमीटरांच्या आतला हा प्रवास सकाळी लवकर निघाल्यास दुपारपर्यंत सहज पुरा होतो.

महाबळेश्वर हे थंड हवेचे ठिकाण आहे, हे सर्वांना ठाऊक असते. तेथील डोंगराचे आणि श्रीपूरच्या दुकानातील गल्ल्याचे नाते मात्र सहसा कोणी बोलून दाखवत नाही. माळशिरस तालुका हा पर्जन्यछायेचा प्रदेश. वर्षाकाठी साधारण पाचशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या भूमीत केवळ आभाळाच्या भरवशावर ऊस उभा राहिला नसता. सह्याद्रीत वेळवंडी नदीवर भाटघरचे मोठे धरण १९२८ च्या सुमारास पूर्ण झाले आणि नीरेच्या उजव्या कालव्याने फलटण, माळशिरस, पंढरपूर या भागांत पाणी आणले. कालव्यामागोमाग ऊस आला, उसामागोमाग कारखाने आले. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली स्थापन केलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटने श्रीपूरला साखर कारखाना चालविला आणि त्याभोवती वसाहत, बाजार, शाळा असे गाव वाढत गेले. किराणा, कापड, भुसार, अवजारे यांचा जो व्यापार या गावात चालतो, त्याच्या प्रत्येक खात्याचे मूळ शोधत गेल्यास ते उसाच्या बिलापाशी, तेथून कालव्यापाशी आणि शेवटी सह्याद्रीच्या माथ्यावरील पावसापाशी पोहोचते. म्हणून श्रीपूरकराची ही सहल एका अर्थाने आपल्याच भांडवलाच्या उगमाची भेट ठरते.

अकलूज सोडून माळशिरसला आले, की रस्ता पंढरीच्या वारीचा होतो. आळंदीहून निघणारी ज्ञानेश्वर महाराजांची पालखी फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस असा मुक्काम करीत खाली येते. महाबळेश्वरला निघालेला प्रवासी तीच वाट उलट दिशेने चढत जातो. नातेपुत्याच्या दक्षिणेस शंभूमहादेवाच्या डोंगररांगेवर शिखर शिंगणापूर आहे. नातेपुत्यापासून जवळच दहिगाव आहे. ब्रह्मचारी महतिसागर यांच्या स्मृतीने पावन झालेले तेथील जिनमंदिर या परिसरातील घराण्यांना परिचित आहे, आणि सकाळचे दर्शन तेथेच घेऊन पुढे जाण्याची अनेक कुटुंबांची पद्धत आहे. पुढे फलटण लागते. नाईक-निंबाळकरांचे हे संस्थान, छत्रपती शिवाजी महाराजांच्या पत्नी सईबाई यांचे माहेर. जुनी जिनमंदिरे, श्रीराम मंदिर आणि राजवाडा यांमुळे येथे तासभर थांबल्याचे कोणालाच वाईट वाटत नाही. बरोबर आणलेल्या दशम्या आणि लसणाविना केलेली शेंगाचटणी बहुधा याच टप्प्यावर उघडली जाते.

फलटणहून आदर्कीमार्गे रस्ता वाठार स्टेशनला येतो. आज हे स्थानक शांत दिसते. पण मोटारी येण्यापूर्वीच्या काळात महाबळेश्वरला जाणारे अनेक प्रवासी आगगाडीतून येथेच उतरत आणि टांग्याने वाई, पाचगणीमार्गे वर जात. वाईत कृष्णेचे घाट आणि रास्ते घराण्याने बांधलेले ढोल्या गणपतीचे मंदिर आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांची कर्मभूमी असलेल्या याच गावात मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले. घाटाच्या पायऱ्यांवर बसलेल्या मुलांना हेच पाणी पुढे चौदाशे किलोमीटर वाहत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते, हे सांगितले, की त्यांचे डोळे मोठे होतात.

वाईपासून पसरणीचा घाट सुरू होतो. वळणावळणाने गाडी वर चढते, खाली धोम धरणाचा जलाशय दिसू लागतो आणि हवा बदलल्याचे प्रथम कानांना व मग अंगाला जाणवते. पाचगणीचे सपाट पठार जांभ्या दगडाचे आहे. पाचगणीच्या पुढे भिलार हे गाव लागते. स्ट्रॉबेरीसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावाला २०१७ च्या मे महिन्यापासून ‘पुस्तकांचे गाव’ अशी नवी ओळख मिळाली. राज्य शासनाच्या उपक्रमातून येथील घरांत, मंदिरांत, शाळेत मराठी पुस्तके मांडलेली आहेत आणि कोणीही आत जाऊन निवांत वाचत बसू शकतो. ज्या कुटुंबात तीन पिढ्या एकत्र प्रवास करतात, त्यांच्यासाठी भिलारची दुपार हा या सहलीतील सर्वांत समाधानाचा भाग ठरू शकतो. आजोबांना चरित्रे, सुनेला कथासंग्रह आणि नातवंडांना चित्रांची पुस्तके एकाच गल्लीत सापडतात.

पाचगणी ते महाबळेश्वर हे अंतर वीस किलोमीटरांच्या आत आहे. एवढ्या अंतरात पावसाचे मान मात्र दुपटीहून अधिक वाढते. सुमारे १३५० मीटर उंचीच्या महाबळेश्वरावर वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे श्रीपूरच्या दहापटीहूनही अधिक. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीच्या भिंतीला अडतात, वर चढताना थंड होतात आणि माथ्यावरच रिते होतात. पूर्वेकडे उतरताना त्यांच्याजवळ देण्यासारखे फारसे उरत नाही. घाटमाथ्यावर मुसळधार आणि माळशिरसला कोरडे, हे एकाच कारणाचे दोन परिणाम आहेत.

थंड हवेचे ठिकाण म्हणून या गावाची कथा १८२४ साली सुरू होते. त्या वर्षी लॉडविक हा इंग्रज सेनाधिकारी या माथ्यावर आला. पुढे मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने १८२९ मध्ये साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज यांच्याशी करार केला आणि खंडाळा गावाच्या मोबदल्यात ही जागा इंग्रजांकडे गेली. आजची बाजारपेठ ज्या वस्तीतून वाढली, तिचे नाव त्याच्यावरूनच माल्कमपेठ असे पडले. चीन आणि मलाया भागांतून आणलेल्या कैद्यांचा एक तुरुंगही येथे होता. तो १८६४ पर्यंत चालला. त्या कैद्यांकडून रस्त्यांची कामे आणि भाजीपाल्याची लागवड करवून घेतली गेली. वेण्णा तलाव १८४२ मध्ये सातारच्या आप्पासाहेब महाराजांनी बांधविला. आज नौकाविहारासाठी तेथे रांग लागते; पण या तलावाचे मोठे काम पाणीपुरवठ्याचे आहे, हे त्या रांगेतील थोड्यांनाच माहीत असते.

बाजारपेठेपासून काही किलोमीटरांवर क्षेत्र महाबळेश्वर आहे. तेथील पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम मानला जातो. सावित्री पश्चिमेकडे कोसळून बाणकोटला अरबी समुद्राला मिळते. वेण्णा माहुलीला आणि कोयना कऱ्हाडला कृष्णेत येते. एकाच छपरावर पडलेल्या पावसाचे थेंब दोन वेगवेगळ्या समुद्रांकडे जातात, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकापेक्षा येथे अधिक चांगली समजते. श्रीपूरला पोसणारी नीरा या पाचांत नाही. ती याच सह्याद्रीच्या रांगेत, उत्तरेला भोर तालुक्यात उगम पावते आणि नीरा-नरसिंहपूरला भीमेत विलीन होते. भीमा पुढे रायचूरजवळ कृष्णेला मिळते. म्हणजे महाबळेश्वरच्या गोमुखातून निघालेले पाणी आणि श्रीपूरच्या शिवाराला स्पर्शून गेलेले पाणी शेवटी एकाच पात्रात वाहते.

या डोंगराच्या माथ्यावर जांभ्या दगडाचा सच्छिद्र थर आहे. पाऊस त्यात मुरतो, खालच्या कठीण काळ्या कातळापाशी अडतो आणि झऱ्यांच्या रूपाने हळूहळू बाहेर पडतो. या मुरण्याला अंजन, जांभूळ, पिसा या बुटक्या, दाट, सदाहरित झाडांचे जंगल मदत करते. ही झाडे पावसाचा मारा स्वतःवर झेलतात आणि माती धरून ठेवतात. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे, तर चार महिन्यांचा पाऊस हे मुद्दल आहे, जांभा व जंगल ही त्याची तिजोरी आहे आणि वर्षभर वाहणारे झरे हे व्याज आहे. तिजोरी फुटली, तर मुद्दल कितीही आले तरी ते एका पावसाळ्यात वाहून जाईल. याची चिन्हे आजही दिसतात. एवढा पाऊस झेलणाऱ्या या तालुक्यातील काही वाड्यांना उन्हाळ्यात पाणीटंचाई सोसावी लागते, आणि नेमक्या त्याच एप्रिल-मे महिन्यांत सहलीच्या गर्दीला सर्वांत अधिक पाणी लागते. हीच नाजूक स्थिती ओळखून केंद्र शासनाने १७ जानेवारी २००१ रोजी महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित केला आणि बांधकामांवर व वृक्षतोडीवर निर्बंध आणले. निर्बंध कागदावर असले, तरी डोंगराचे रक्षण अखेर तेथे राहणाऱ्यांच्या आणि तेथे जाणाऱ्यांच्या वागण्यावरच अवलंबून असते.

बाजारपेठेकडे व्यापारी नजरेने पाहिले, तर तेथेही शिकण्यासारखे पुष्कळ आहे. उन्हाळा, दिवाळी आणि नाताळ या थोड्या दिवसांच्या कमाईवर पावसाळ्याचे मंदीचे महिने काढावे लागतात, म्हणून येथील दुकानदार रोकड सांभाळून असतो. स्ट्रॉबेरीची रोपे पावसाच्या शेवटी लावली जातात आणि फळ साधारण डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत येते. हे फळ नाजूक. दोन दिवसांत विकले गेले नाही तर वाया जाते. त्यातूनच जॅम, सरबते आणि फळवड्या यांचा उद्योग वाढला. पाचगणीत १९५९ साली किशोर व्होरा यांनी सुरू केलेला मॅप्रोचा व्यवसाय हे त्याचे सर्वांना परिचित उदाहरण. २०१० मध्ये महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक निर्देशांक मिळाला. नाशवंत मालाला टिकाऊ रूप देणे आणि गावाचे नाव हीच मालाची खूण करणे, हे दोन धडे कोणत्याही व्यापारी घरातील तरुणाने येथून न्यावेत असे आहेत.

खाण्यापिण्याच्या नियमांची येथे फारशी अडचण पडत नाही. शुद्ध शाकाहारी जेवण सहज मिळते आणि आधी सांगितल्यास कांदा, बटाटा, लसणाविनाही मिळते. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांना मात्र एक पेच पडतो : मुंबई पॉइंटवरून सूर्यास्त पाहायचा आणि जेवण त्याआधी उरकायचे. त्यावर जाणत्या कुटुंबांचा तोडगा सोपा आहे. पाचच्या सुमारास जेवण आटोपून ती शांतपणे कड्यावर जाऊन बसतात. तोवर दिवसभराची दगदगही ओसरलेली असते.

पावसाळ्याचे चार महिने पूर्वी हा डोंगर जवळजवळ ओस पडे. इंग्रज खाली उतरत, घरांना गवताचे आच्छादन घातले जाई. जमिनीवर असंख्य जीव उपजलेले असताना पावलांनी त्यांना इजा होऊ नये, म्हणून वर्षायोगात साधू एका जागी स्थिर राहतात. डोंगरालाही अशा विश्रांतीची गरज असते. आता पावसाळी सहलींमुळे ती विश्रांती कमी होत चालली आहे. म्हणून दिवाळीनंतरचे निवांत आठवडे या प्रवासासाठी निवडणे गावाला आणि प्रवाशाला, दोघांनाही सोयीचे. खोलीतील पाणी घरच्यासारखे जपून वापरणे, प्लॅस्टिकच्या पिशव्या व बाटल्या कड्यावर न टाकता परत आणणे, थकलेल्या घोड्यावर बसण्याचा मुलांचा हट्ट समजावून सांगून टाळणे, फळे रस्त्याकडेच्या शेतकऱ्याकडून थेट आणि घासाघीस न करता घेणे, या चार गोष्टींना काही खर्च येत नाही. अपरिग्रह हा शब्द ज्या घरांत लहानपणापासून कानांवर पडतो, त्या घरांना त्या वेगळ्या शिकवाव्या लागू नयेत.

परतीच्या वाटेवर पसरणीचा घाट उतरताना डोंगर मागे पडतो आणि फलटणपासून दोन्ही बाजूंना पुन्हा ऊस दिसू लागतो. कालव्याच्या पुलावरून गाडी जाते तेव्हा खाली संथ वाहणारे पाणी नेहमीचेच असते. ते कोणत्या माथ्यावर पडले, किती झाडांनी ते थोपवून धरले आणि किती दिवसांनी ते इथवर आले, एवढा हिशेब ज्या मुलाला या दोन दिवसांत कळला, त्याने पुढे वडिलांच्या गादीवर बसल्यावर नफ्याचा विचार करताना त्या डोंगराचाही विचार करावा, अशी आशा धरायला हरकत नाही.