मागील बाकी : तैवानच्या बेटावर

तैपेईहून नैर्ऋत्येला मोटारीने तासभर गेले की ताओयुआनच्या डोंगरांत त्सिहू नावाचे एक शांत तळे लागते. तळ्याजवळ, गर्द झाडीच्या सावलीत, एक बैठे चौसोपी घर आहे. त्याच्या मधल्या दालनात काळ्या ग्रॅनाइटच्या पेटीत चँग कै-शेक यांचा देह १९७५ पासून ठेवलेला आहे. तो पुरलेला नाही, ठेवलेला आहे. हा परिसर त्यांना झेजियांग प्रांतातील शीकोउ या आपल्या जन्मगावासारखा वाटे. चीनची मुख्यभूमी परत मिळाली की देह तिकडे नेऊन विधिपूर्वक दफन करायचा, असा संकल्प होता. मुख्यभूमी मिळाली नाही आणि पेटी तेथेच राहिली.

यंत्रे, सुटे भाग, कापड यांच्या व्यवहारासाठी आपल्या समाजातील अनेकांचे तैवानला जाणे होते. कारखाना, हॉटेल आणि विमानतळ एवढेच पाहून बहुतेक जण परततात. या वेळी हाती दोन दिवस जास्त होते, म्हणून त्सिहूला गेलो. त्या पेटीसमोर उभे असता व्यापारी माणसाला खतावणीच आठवते. वर्षानुवर्षे वसूल न झालेले, पण बुडीत खाती टाकण्याचे धैर्य कोणी न केलेले असे एक येणे आपल्यासमोर आहे, असे मनात आले.

हे येणे निर्माण कसे झाले, हे पाहिले तर आरंभ पतीपासून करावा लागतो. १९४५ मध्ये जपानचा पराभव झाला, तेव्हा चँग यांचे कुओमिंतांग सरकार जगातील पाच बड्या सत्तांपैकी एक मानले जात होते. त्याआधी फेब्रुवारी १९४२ मध्ये ते भारतात येऊन पंडित नेहरूंना आणि कलकत्त्यास गांधीजींना भेटून गेले होते. मात्र युद्धाच्या वर्षांत छापलेल्या नोटांनी चलनाची किंमत मातीमोल केली होती. कम्युनिस्टांशी यादवी युद्ध भडकले तेव्हा छपाई आणखी वाढली. ऑगस्ट १९४८ मध्ये सरकारने ‘सुवर्ण युआन’ हे नवे चलन काढले. जुन्या तीस लाखांस नवा एक, असा दर ठरला. खाजगी सोने, चांदी आणि परकीय चलन सरकारजमा करण्याचा हुकूम निघाला. शांघायमध्ये चँग यांच्या पुत्राने त्याची कठोर अंमलबजावणी केली आणि व्यापाऱ्यांना तुरुंगात टाकले. सामान्य कुटुंबांनी घरातले किडुकमिडुक रांगा लावून बँकेत दिले. छपाईवर घातलेली मर्यादा काही महिन्यांतच मोडली गेली आणि पुढच्या वसंतापर्यंत हे चलनही रद्दी झाले. रणांगणावरील पराभव आणि हा पराभव एकाच वेळी घडत होते. ज्या राज्याच्या शब्दावर पेढीवरचा माणूस सोने देतो आणि कागद घेऊन फसतो, त्या राज्यासाठी लढायला पुढे कोण येणार?

१ ऑक्टोबर १९४९ रोजी माओ त्से-तुंग यांनी पेकिंगमध्ये नव्या राज्याची घोषणा केली. त्याच महिन्याच्या अखेरीस किनमेन बेटावर उतरलेल्या कम्युनिस्ट फौजेचा गुनिंगतोऊ येथे मोड झाला, म्हणून किनाऱ्यालगतची काही बेटे तरी वाचली. डिसेंबरात राजधानी तैपेईला हलली आणि १० डिसेंबरला चँग चेंगदूहून विमानाने निघाले. मुख्यभूमीवर त्यांचे पाऊल पुन्हा पडले नाही.

पळून जाणारा माणूस बरोबर काय नेतो, यावरून त्याची ओळख पटते. या सरकारने मध्यवर्ती बँकेचे सोने नेले आणि बादशाही संग्रहातील २,९७२ पेट्या तीन जहाजांतून नेल्या. त्या कलावस्तू आज तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात आहेत. हिरव्यापांढऱ्या जेड दगडात कोरलेला कोबीचा गड्डा पाहण्यासाठी तेथे रांग लागते. त्याच्या पानांवर दोन बारीक किडे कोरलेले आहेत. पाने निवडताना जीवजंतू पाहण्याची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना ते आधी दिसतात.

वस्तूंबरोबर माणसेही आली. सैनिक, कारकून, शिक्षक आणि त्यांची कुटुंबे मिळून ही संख्या दहा ते वीस लाखांच्या दरम्यान सांगितली जाते. तेव्हा बेटाची वस्ती साठ लाखांच्या आसपास होती. ती पन्नास वर्षे जपानी अमलाखाली राहिलेली होती आणि २८ फेब्रुवारी १९४७ नंतरच्या हत्याकांडात नव्या राज्यकर्त्यांचे रूप तिने पाहिले होते. २० मे १९४९ रोजी लागू झालेला लष्करी कायदा १५ जुलै १९८७ पर्यंत उठला नाही. त्या अडतीस वर्षांत हजारो माणसे तुरुंगात गेली आणि अनेकांना देहदंड झाला. निर्वासित म्हणून आलेल्यांनी आश्रय देणाऱ्यांवरच भय लादले, हे पान उलटून पुढे जाता येत नाही.

बाहेरच्या मित्रांचा हिशेब त्याहून शिकवणारा आहे. भारताने ३० डिसेंबर १९४९ रोजी पेकिंग सरकारला मान्यता दिली, तर ब्रिटनने जानेवारी १९५० मध्ये. अमेरिकाही हात झटकून मोकळी होण्याच्या बेतात होती. इतक्यात जून १९५० मध्ये कोरियात युद्ध पेटले आणि दोनच दिवसांत अध्यक्ष ट्रुमन यांनी सातवे आरमार तैवानच्या सामुद्रधुनीत धाडले. चँग यांच्या प्रेमापोटी हे घडले नव्हते. बेटाचे स्थान एका रात्रीत मोलाचे ठरले होते. डिसेंबर १९५४ मध्ये दोन्ही देशांत संरक्षण करार झाला. त्यासोबतच्या पत्रव्यवहारात, अमेरिकेच्या संमतीवाचून मुख्यभूमीवर मोठा हल्ला करायचा नाही, हे तैपेईने मान्य केले. जामीन मिळाला, पण वसुलीला जाण्याचा हक्क गहाण पडला. तरी ‘मुख्यभूमी परत घेऊ’ ही घोषणा शाळांच्या भिंतींवर कायम राहिली.

१९५१ ते १९६५ या काळात अमेरिकेची आर्थिक मदत दरवर्षी सुमारे दहा कोटी डॉलर येत असे. मदतीच्या पिठाच्या पोत्यांवर हस्तांदोलनाचे चित्र छापलेले असे. रिकाम्या पोत्यांच्या चड्ड्या शिवून मुलांना घालीत. त्या पिढीतली मंडळी हे आजही हसत सांगतात.

किनमेनला गेल्यावर कराराचा अर्थ उघड्यावर दिसतो. समोर शियामेनच्या इमारती स्पष्ट दिसतात. अंतर दहा किलोमीटरही नाही. २३ ऑगस्ट १९५८ पासून ४४ दिवसांत या चिमुकल्या बेटावर सुमारे ४ लाख ७० हजार तोफगोळे पडले. पुढे दिवसाआड गोळे टाकण्याचा विचित्र प्रघात १९७९ च्या आरंभापर्यंत चालला. ग्रॅनाइट फोडून केलेल्या झायशानच्या बोगद्यात पाणी आजही काळेभोर आणि स्तब्ध आहे. गावातले कारागीर त्या गोळ्यांच्या पोलादापासून स्वयंपाकाच्या सुऱ्या घडवतात. जे मारण्यासाठी आले ते भाजी चिरण्याच्या कामी लागले! २००१ पासून शियामेनला बोटही सुरू झाली आणि ज्या पाण्यावरून गोळे येत त्याच पाण्यावरून प्रवासी जाऊ-येऊ लागले.

मित्रांचे येणे-जाणे मात्र चालूच राहिले. ऑक्टोबर १९७१ मध्ये संयुक्त राष्ट्रांतील जागा पेकिंगकडे गेली. १ जानेवारी १९७९ रोजी अमेरिकेनेही मान्यता फिरवली. करारातच एक वर्षाच्या नोटिशीचे कलम होते. त्याप्रमाणे नोटीस देऊन पुढच्या नववर्षारंभी तो संपवला गेला. भागीदारीच्या दस्तातही असेच कलम असते आणि सही करताना ते कोणी वाचत नाही. आज तैवानशी पूर्ण राजनैतिक संबंध ठेवणारी राज्ये फक्त बारा उरली आहेत. बाकीचे जग व्यापार करते, कचेऱ्या उघडते, पण दूतावास म्हणत नाही. भारताची तैपेईतील कचेरी १९९५ ची आहे, आणि तैवानने २०२४ मध्ये आपल्या मुंबईतही एक कचेरी उघडली.

मग हे बेट टिकले कशावर? उत्तर बेटावरच्या जमिनीत सापडते. जून १९४९ मध्ये चाळीस हजार जुन्या डॉलरांस एक नवा डॉलर असे चलन आले आणि या वेळी त्याची पत राखण्याची काळजी घेतली गेली. कुळाचा खंड पिकाच्या साडेसदतीस टक्क्यांवर आणला गेला. १९५३ मध्ये कसणाऱ्याला जमीन मिळाली. जमीनदारांना मोबदला म्हणून सत्तर टक्के रोखे आणि तीस टक्के सरकारी कंपन्यांचे समभाग दिले गेले. काल खंड मोजणारी घराणी अशा रीतीने उद्योगांत भागधारक झाली. शांघायमध्ये गमावलेला विश्वास येथे वर्षावर्षाने कमवावा लागला.

तैपेईत ‘चव्वेचाळीस दक्षिण गाव’ नावाची जुनी वस्ती जपून ठेवली आहे. छिंगदाओहून आलेल्या शस्त्रागाराच्या कामगारांची ही बैठी घरे. मागे ५०८ मीटर उंचीचा ‘तैपेई १०१’ मनोरा उभा आहे. लवकरच परत जायचे या भरवशावर घरे कच्ची बांधली गेली. गावी राहिलेल्या आईवडिलांना, पत्नीला, मुलांना भेटण्याची परवानगी नोव्हेंबर १९८७ मध्ये मिळाली. तोवर कित्येकांच्या वाट्याला भेटीऐवजी आईची समाधी आली. मुख्यभूमीच्या मतदारसंघांतून १९४७-४८ मध्ये निवडून आलेले प्रतिनिधी १९९१ अखेरपर्यंत तैपेईच्या सभागृहात बसत होते. ज्यांचे मतदार कधीच दुरावले होते, त्यांच्या जागा मात्र कायम होत्या. त्याच वर्षी बंडखोरांशी युद्धस्थिती संपल्याचे सरकारने जाहीर केले. पुढे पार्लमेंट आणि १९९६ मध्ये अध्यक्षही बेटावरील लोकांनी निवडला. खरे राज्य तेव्हा सुरू झाले.

आपल्या वाचकांसाठी एक उपयोगी गोष्ट. तैवानमधील अनेक शाकाहारी भोजनालयांच्या पाटीवर स्वस्तिक असते. भगवान सुपार्श्वनाथांचे लांछन असे परदेशी बाजारात दिसले की मन हलते, जरी तेथे त्याच्या भुजा उलट वळलेल्या असतात. बौद्ध परंपरेच्या या स्वयंपाकात कांदा-लसूण वर्ज्य असतो. मुळा, आले, अळंबी मात्र असतात, म्हणून विचारून घ्यावे. या परंपरेला तेथे बळ देणाऱ्यांत १९४९ मध्येच मुख्यभूमीहून आलेले भिक्षू शिंग युन होते. त्यांनी काओशुंगजवळ १९६७ मध्ये फो ग्वांग शान हा मोठा विहार स्थापला. ते काही परत मागण्यासाठी आले नव्हते. म्हणूनच कदाचित त्यांचे काम लवकर रुजले.

त्सिहूच्या तळ्याशेजारी एक बाग आहे. देशभरातील चौकांतून आणि शाळांतून हलवलेले चँग यांचे दोनशेहून अधिक पुतळे तेथे आणून ठेवले आहेत. फोडून टाकले नाहीत आणि चौकातही ठेवले नाहीत. कोणाला ते रक्षणकर्ते वाटतात, कोणाच्या वडिलांना त्यांच्या राजवटीने गिळले. दोन्ही म्हणणी आपापल्या जागी खरी आहेत आणि बागेत दोघेही फिरतात. अनेकांत आपण ग्रंथात वाचतो. येथे तो गवतावर उभा दिसला.

दिवाळीला महावीर निर्वाणोत्सवानंतर आपण वहीपूजन करतो. जुनी वही बांधताना मागील बाकी पुढे ओढायची की बुडीत लिहायची, हा प्रश्न प्रत्येक पेढीवर येतो. बुडीत लिहिणे म्हणजे आपले काही नव्हतेच असे म्हणणे नव्हे. पुढची वही त्या आकड्यावर चालवायची नाही, एवढाच त्याचा अर्थ. तैवानला हा निर्णय घेण्यास चाळीस वर्षे लागली आणि त्याची किंमत वाट पाहणाऱ्या माणसांनी मोजली. आपल्या घरात भावाभावांच्या, भागीदारांच्या अशा किती बाक्या आपण दरवर्षी पुढे ओढत आहोत, हा विचार मनात घेऊन मी त्सिहूहून परतलो.