वरचे टेबल

मराठीच्या प्राध्यापिकेने पोकरवर लिहावे यात काहींना औचित्यभंग वाटेल. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याच्या पश्चात्तापाचे एक अख्खे सूक्त आहे, आणि द्यूतपर्व वगळले तर महाभारताची कथाच पुढे सरकत नाही. तेव्हा विषय आपल्या परंपरेला अगदीच परका नाही. पण परंपरेच्या आडोशाने स्वतःचे समर्थन करावे असा माझा हेतू नाही. २०२१ च्या अखेरीस, सहा आठवड्यांत, मी ११,००० रुपये हरले. ते का हरले हे कळायला मात्र त्याहून पुष्कळ अधिक काळ लागला. त्या कळण्याची ही हकिकत.

२०२० च्या टाळेबंदीत, कॅमेरे बंद ठेवलेल्या विद्यार्थ्यांसमोर तास घेऊन कंटाळलेल्या मला अभियांत्रिकीला असलेल्या भाच्याने हा खेळ शिकवला. प्रत्येकाच्या हाती दोन झाकली पाने, मध्ये टप्प्याटप्प्याने उघडणारी पाच सामाईक पाने, आणि पैज लावण्याच्या चार फेऱ्या. मी बसत असे ते टेबल एक-दोन रुपयांचे. २०० रुपये घेऊन बसायचे. तिथल्या मंडळींना हातची पाने टाकून देववत नसत. त्यामुळे चांगली पाने येईपर्यंत थांबावे, आली की पैज लावावी, समोरचा पैसे देतोच, एवढी नीती पुरेशी होती. दीड वर्षात सातेक हजार रुपये जमले. मी त्यात पगारातले १३,००० घातले आणि पाच-दहा रुपयांच्या टेबलावर, म्हणजे हजार रुपये घेऊन, बसू लागले. घरी यजमानांना जिंकलेल्या सात हजारांविषयी ठाऊक होते. तेरा हजारांविषयी नव्हते.

भाचा म्हणाला होता, ‘‘मावशी, तू जिंकतेस ते चांगली खेळतेस म्हणून नाही, समोरचे वाईट खेळतात म्हणून.’’ मला ते तरुण वयाचे औद्धत्य वाटले.

वरच्या टेबलावरचा एक डाव अजून लख्ख आठवतो. माझ्या हाती बदामाची दश्शी आणि नव्वी. पहिल्याच फेरीत एकाने ३० रुपये लावले, मी तेवढे भरले, बाकीच्यांनी पाने टाकली, पॉट ७५. मध्ये उघडली किलवरचा राजा, बदामाची सत्ती आणि बदामाची दुर्री. आणखी एक बदाम आले की माझा फ्लश पुरा. त्याने ४० लावले, मी भरले. चौथे पान इस्पिकची तिर्री. त्याने १०० लावले, मी तेही भरले. पाचवे पान चौकटची राणी. बदाम आलेच नाही. तो थांबला, आणि मी समोर उरलेले सगळे ८३० रुपये ३५५ च्या पॉटमध्ये लोटले. हूल द्यायची ती मोठी द्यावी, असा माझा विचार. त्याने अर्धे मिनिट घेतले आणि राजाच्या एका जोडीवर ८३० रुपये भरले. वहीत मी लिहिले, ‘मूर्ख माणूस. माझे नशीब.’

ही वही हा माझा अभिमानाचा विषय होता. त्या सहा आठवड्यांनंतर एका रात्री ती सलग वाचून काढली, तेव्हा लक्षात आले की जिंकलेल्या प्रत्येक डावापुढे ‘बरोबर ओळखले’, ‘नीट वाचले’ असे शेरे आहेत आणि हरलेल्या प्रत्येक डावापुढे नशीब किंवा समोरच्याचा मूर्खपणा. वर्गात मी वर्षानुवर्षे अविश्वसनीय निवेदक शिकवत आले आहे. तो माझ्याच हस्ताक्षरात माझ्यासमोर बसला होता.

मग त्या डावाचे गणित मांडले. ३५५ जिंकण्यासाठी ८३० लावायचे, तर समोरच्याने दहापैकी सात वेळा पाने टाकली तरच ती हूल परवडते. पॉटच्या दोन-तृतीयांश, म्हणजे २३७ च्या आसपास लावले असते, तर दहापैकी चार वेळा पुरले असते. चूक त्याही आधीची होती. १०० रुपये भरताना बदाम येण्याची शक्यता होती ४६ पानांत ९, म्हणजे साधारण २० टक्के. मला गरज होती २८ टक्क्यांची. बदाम आल्यावर त्याच्याकडून आणखी दीडशेच्या वर काढता आले असते तरच ते शंभर भरणे योग्य ठरले असते. हा विचार मी केलाच नव्हता.

आणि शेवटी, त्याने माझा डाव कसा वाचला असेल? दोन वेळा मुकाट्याने पैसे भरणारी व्यक्ती निरुपयोगी राणी पडल्यावर अचानक सर्वस्व पणाला लावते. हाती खरोखर तीन सत्त्या असत्या, तर दोन बदामे उघडी असताना ती बहुधा आधीच पैज वाढवती. माझ्या कथेला पूर्वार्धाचा आधार नव्हता. त्याने ती विश्वासार्ह मानली नाही, आणि वाचक म्हणून त्याचेच बरोबर होते. खालच्या टेबलावर मी फक्त स्वतःची पाने वाचत होते, कारण तिथे मला कोणी वाचतच नव्हते. वर माझी प्रत्येक पैज ही एक संहिता होती, आणि समोर वाचक बसला होता. लेखकाच्या मनातले बाजूला ठेवा, संहितेत काय आहे ते पाहा, हे मी विद्यार्थ्यांना सांगत असते.

अल्फ्रेड अल्वारेझ हे नाव आपल्याला ‘द न्यू पोएट्री’ या १९६२ च्या संकलनामुळे ठाऊक असते. त्याच समीक्षकाने लास वेगासमधल्या १९८१ च्या पोकर स्पर्धेवर ‘द बिगेस्ट गेम इन टाउन’ हे पुस्तक लिहिले. ते १९८३ साली प्रसिद्ध झाले. मी ते हरल्यानंतर वाचले. काव्याच्या समीक्षकाला या खेळाची ओढ का वाटावी, याचे मला तोवर नवल उरले नव्हते. हुलीचे तर्कशास्त्र मात्र मला वेगळीकडून कळले: फॉन नॉयमन आणि मॉर्गनस्टर्न यांनी १९४४ च्या ग्रंथात ते मांडले आहे. तुम्ही कधीच हूल देत नसाल, तर तुमच्या खऱ्या पानांनाही कोणी पैसे देणार नाही. पॉटएवढी शेवटची पैज लावायची, तर अशा तीन पैजांत साधारण एक हुलीची असावी. म्हणजे प्रश्न धाडसाचा नाही, प्रमाणाचा आहे. मी धाडस करत होते.

२०२२ च्या जानेवारीत घरी सगळे सांगितले. यजमान बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘हरलीस त्याचं एवढं नाही. पण जिंकलेलं तेवढं सांगत होतीस.’’ वहीवरही याहून नेमका अभिप्राय कोणी देऊ शकले नसते.

मी पुन्हा २०० रुपयांच्या टेबलावर गेले. खाली उतरणे फार लागले; पदावनती झाल्यासारखे वाटले. भाच्याने नियम घालून दिला: टेबलावर नेण्याच्या रकमेच्या तीसपट गाठीशी नसेल, तर तिथे नियमित बसायचे नाही. उरलेल्या ९,००० मध्ये तेच टेबल बसत होते. चारऐवजी एकच टेबल उघडायचे. शक्यतो सर्वांत शेवटी बोलायची पाळी असेल तेव्हाच दुबळी पाने खेळायची, कारण शेवटी बोलणाऱ्याला इतरांचे आधी ऐकायला मिळते. राग आला की उठायचे. वहीत ‘निकाल’ आणि ‘निर्णय’ असे दोन रकाने पाडले, आणि निर्णयाचा रकाना निकाल झाकून भरायचा असे ठरवले. एका डावात बरोबर वागूनही हरता येते. एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीशी पाचांत जवळजवळ एकदा हरतेच. हे मान्य करण्यापेक्षा चुकीचे वागून जिंकल्याचे मान्य करणे मला अधिक जड गेले.

पुढे रविवारी तासभर, एकदाच हजार रुपये घेऊन, वरच्या टेबलावर बसू लागले. शिकवणीला जावे तशी. शेवटच्या दोन वर्षांत तिथे मी जवळजवळ बरोबरीत राहिले. प्रत्येक पॉटमधून चालकांचा वाटा कापला जातो हे लक्षात घेता ते कमी नव्हते, पण त्याला यशही म्हणवत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आणि ती टेबले बंद झाली. माझी तक्रार नाही. ११,००० वर थांबणे सगळ्यांच्या नशिबी नसते, आणि माझ्याही ते थोडक्यात आले. वही खणात आहे. शेवटची नोंद त्याच महिन्यातली. निकालाच्या रकान्यात ‘अधिक ३४०’. निर्णयाच्या रकान्यात, ‘चौथ्या पानावरची पैज चुकली. समोरच्याने वाचले नाही, म्हणून मिळाले.’