जे.सी. रोडवर, बाबांच्या स्टिअरिंगसाठी

बेंगळुरूला मेट्रोच्या हिरव्या मार्गावर के. आर. मार्केटला उतरलात की टाउन हॉलपर्यंत चालत या. १९३५ सालच्या, उंच खांबांच्या त्या इमारतीपासून मिनर्व्हा सर्कलपर्यंतचा रस्ता म्हणजे जे.सी. रोड. नाव म्हैसूरचे शेवटचे महाराज जयचामराजेंद्र वडियार यांचं. रवींद्र कलाक्षेत्रही इथेच आहे. पण गाडीवाल्यांना हा रस्ता ठाऊक आहे तो सीट कव्हर, हॉर्न, स्पीकर आणि सुट्या भागांसाठी. गाडी मात्र लांब लावा. इथे पार्किंग मिळणं म्हणजे लॉटरीच.

आम्ही गेलो होतो बाबांच्या जुन्या हॅचबॅकसाठी. स्टिरिओ नवा, पण खालचं व्हेरियंट असल्यामुळे स्टिअरिंगवर बटणं नाहीत. कोल्हापूरहून येताना आवाज कमी करायला बाबांनी हात पुढे केला, नजरही गेली, आणि समोरच्या ट्रकचे ब्रेकलाइट त्यांच्याआधी मला दिसले. आई त्यानंतर तुमकुरूपर्यंत एक शब्द बोलली नाही.

पहिल्या दुकानात तासाभराचं काम म्हणाले. वरच्या व्हेरियंटची बटणं बसवू, वायर आतून ओढून घेऊ. एअरबॅगचं काय, असं मी विचारलं. "लाइट लागली तर बंद करून देतो, सार." बाबा खूश. मी मात्र त्यांना चहाच्या निमित्ताने बाहेर काढलं.

कारण ऐका. स्टिअरिंग फिरतं, खालच्या दांड्याभोवतीचं आवरण फिरत नाही. या दोघांमध्ये वीज पोचवते क्लॉक स्प्रिंग: एका चपट्या डबीत गुंडाळलेली पातळ रिबन. हॉर्न आणि एअरबॅगचे तार त्यातूनच जातात. खालच्या व्हेरियंटच्या डबीत बटणांसाठी जादा तार नसू शकतात, मग डबीच बदलावी लागते. पिवळ्या कनेक्टरशी खेळ झाला तर ऐन अपघातात एअरबॅग उघडणार नाही. आणि ते सांगणारा दिवाच विझवून ठेवलेला!

तीन दुकानं पुढे एक वयस्कर मेकॅनिक भेटले. त्यांनी आधी आमच्या डबीवरचा पार्ट नंबर बघितला आणि नवी डबी मागवायला लावली. चार दिवसांनी पुन्हा गेलो. चाकं सरळ केली, बॅटरीची निगेटिव्ह तार काढली आणि ते चक्क स्टूल घेऊन बसले. एअरबॅगच्या यंत्रणेत थोडा वेळ वीज साठून राहते, म्हणून थांबायचं. नवी डबी बरोबर मध्यावर ठेवूनच बसवली. नाहीतर पूर्ण वळणावर रिबन तुटते.

पुढचं सोपं होतं. प्रत्येक बटणाचा विद्युतरोध वेगळा, त्यावरून स्टिरिओ बटण ओळखतो. सेटिंगमध्ये जाऊन एकेक बटण दाबून 'शिकवायचं'. बाबांनी आवाज कमी करायचं बटण पहिलं शिकवलं, आईकडे न बघता.

तुमची गाडी फार जुनी असेल किंवा डबी मिळतच नसेल, तर स्टिअरिंगला पट्ट्याने बांधायचा बिनतारी रिमोट घ्या. दिसायला बेंगरूळ, पण काही उघडावं लागत नाही. फक्त एअरबॅगच्या झाकणावर चिकटवू नका.

निघण्याआधी मेकॅनिकनी चावी फिरवायला लावली. एअरबॅगचा दिवा लागला. आम्ही तिघं त्याच्याकडे बघत राहिलो. काही सेकंदांनी तो आपणहून विझला, तेव्हा कुठे त्यांनी पैसे घेतले.