आमच्या मोतीचें अन्न

आमचा मोती आतां अकरा वर्षांचा झाला आहे. वसतिगृहाच्या फाटकाशीं दिवसभर पडून राहणारा हा तांबूस म्हातारा विद्यार्थ्यांच्या पूर्ण परिचयाचा असल्यामुळें त्याचें अधिक वर्णन करीत नाहीं. गेल्या पावसाळ्यांत तो चार दिवस अन्नास शिवला नाहीं व प्यालेलें पाणीही ओकून टाकूं लागला, तेव्हां आमच्या घरांतील सर्वांच्याच तोंडचें पाणी पळालें.

त्यापूर्वीं पंधरा दिवस आम्ही त्यास बाजारांतील तयार खाद्य देऊं लागलों होतों. हें खाद्य टिकावें म्हणून त्यांत रासायनिक द्रव्यें घालतात व तीं कुत्र्यांच्या जिवावर उठतात, असें आमच्या कानीं आलें होतें. तेव्हां सर्व दोष त्या द्रव्यांच्या माथीं मारून आम्ही मोकळे झालों. इतक्यांत नववींतील एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, पिशवीवर काय लिहिलें होतें?"

पिशवीवर कांहींच लिहिलेलें नव्हतें! दुकानदार मोठें पोतें फोडून त्यांतून सुटें खाद्य तोलून देत असे, आणि तें थोडें स्वस्त पडतें म्हणून आम्ही तेंच घेत असूं. प्रयोगशाळेंत प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी हवी म्हणून मुलांवर रागें भरणारे आम्ही, घरीं मात्र बिनचिठ्ठीचें अन्न मुक्या जिवापुढें ठेवीत होतों.

घरीं जाऊन तें खाद्य नाकाशीं धरलें, तों जुन्या खोबऱ्यासारखा खवट वास आला. चरबीचा हवेंतील प्राणवायूशीं संयोग होत गेला म्हणजे ती खवट होते. हा संयोग लांबविण्यासाठींच तीं द्रव्यें घालतात. बी. एच. ए. व बी. एच. टी. हीं त्यांपैकीं कृत्रिम होत. टोकोफेरॉल म्हणजे आपलें ई जीवनसत्त्वच. परंतु पोतें उघडें पडून राहिल्यावर तीं बिचारीं किती दिवस पुरणार? खवट चरबीनेंच पोट बिघडलें असावें, असें पशुवैद्यांचें मत पडलें. म्हणजे ज्यांस आम्ही वैरी समजत होतों, त्यांचें बळ संपल्यामुळेंच बहुधा हा प्रसंग ओढवला.

तरीही ही भीति अगदींच निराधार नव्हे. इथॉक्सीक्विन नांवाचें द्रव्य रबर टिकविण्यासाठीं वापरीत. माशांची भुकटी जहाजांतून नेतांना आपोआप तापून पेट घेऊं शकते, म्हणून तिच्यांतही तें घालीत. आणि त्याचा कुत्र्यांच्या खाद्यांतही शिरकाव झाला. कुत्र्यांच्या यकृतांत त्यामुळें फरक पडल्याचें दिसून आल्यावर १९९७ सालीं अमेरिकन सरकारच्या अन्न-औषध खात्यानें कारखानदारांना त्याचें प्रमाण दहा लाख भागांत १५० वरून ७५ भागांवर आणण्याची विनंती केली. युरोपीय संघानें २०१७ सालीं पशुखाद्यांतील त्याची परवानगीच स्थगित केली.

पण सर्वांत मोठा अनर्थ चिठ्ठीवर न लिहिलेल्या वस्तूनें केला. २००७ सालीं उत्तर अमेरिकेंत कुत्रीं व मांजरें मूत्रपिंडें निकामी होऊन मरूं लागलीं. कॅनडांतील एका कारखानदारानें सुमारें ६ कोटी डबे व पुड्या परत मागविल्या. चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लूटेनमध्यें मेलामाइन मिसळलेलें आढळलें. ज्याचीं न फुटणारीं ताटें होतात, तेंच हें मेलामाइन! तें कां मिसळावें? डेन्मार्कच्या केल्डाल ह्या रसायनशास्त्रज्ञानें १८८३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या रीतीनें अन्नांतील नायट्रोजन मोजतात व त्यावरून प्रथिनांचें अनुमान काढतात. मेलामाइनमध्यें वजनाच्या दोन-तृतीयांश नायट्रोजन असतो. प्रथिनें नसतांही परीक्षेंत गुण पूर्ण! (आमच्या वर्गांतही असे कांहीं चिरंजीव आहेत, त्यांचीं नांवें येथें देत नाहीं.) पुढील वर्षीं चीनमध्यें तान्ह्या मुलांच्या दुधांत हेंच मिसळल्याचें उघडकीस आलें आणि सुमारें ३ लाख बालकें आजारी पडलीं. कुत्र्यांच्या मरणानें सूचना मिळाली होती.

मोती बरा झाला. आतां आम्ही लहान, बंद पिशवीच आणतों व तिच्यावरील तारीख आणि घटक वाचल्यावांचून ती फोडीत नाहीं. घरांतील मंडळींचें म्हणणें, कीं त्यापेक्षां आपल्या ताटांतलें उरलेलें काय वाईट? पशुवैद्यांना विचारलें तर तेथेंही आमचेंच अज्ञान! रश्शांतील कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तास अपाय करतो. शिजविलेल्या हाडाच्या कपच्या आंतड्यांत रुततात. आणि मनुके तर मूत्रपिंडांस घातक. नाताळच्या केकचा पहिला तुकडा मोतीला, हा आमच्या घरचा जुना रिवाज! तो तुकडा मनुक्यांनीं भरलेला असे आणि तो आम्हीं दहा वर्षें स्वहस्तें, मोठ्या प्रेमानें भरविला. तो वांचला ही प्रभूची दया.

येत्या नाताळांत त्याच्यासाठीं मीठ-मसाल्यावांचून उकडलेलें, हाडें काढलेलें मटण राखून ठेवण्याचें आमच्या धाकट्या मुलीनें ठरविलें आहे. केक कापतांना त्यास अंगणांत बांधून ठेवण्याचें काम मात्र तिनें आमच्याकडे सोंपविलें आहे.